नव्या स्लॉट गेमवरची खेळाडूंची मतं कशी वाचावीत

नवा ऑनलाइन स्लॉट, म्हणजे पैसे लावून पडद्यावरची चिन्हांची चाकं फिरवायचा गेम, आला की पहिल्या चार दिवसांत त्याच्यावर मतांचा ढीग पडतो. एक लिहितो, "दोनशे स्पिन केले, बोनस एकदाही नाही. भिकारडा गेम." त्याच रात्री दुसरा लिहितो, "दोनशे स्पिनमध्ये दोनदा बोनस. इतका उदार गेम बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता." (स्पिन म्हणजे एकदा चाकं फिरवणं; बोनस म्हणजे ठरावीक चिन्हं पडली की मिळणारी खास फेरी.) वाचणारा गोंधळतो आणि दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतोय असं धरून चालतो. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. फक्त त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या त्या रात्रीबद्दल असतं, गेमबद्दल नसतं. हा फरक ओळखून मत कसं वाचायचं, ते इथे सविस्तर सांगते.

मी नाशिकला कॉलेज रोडवर अकरावी-बारावीच्या मुलांना गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. माझ्या बहिणीचा मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरी करतो. तिथे ऑनलाइन स्लॉट सरकारी परवान्याखाली चालतात. तो महिन्याला ठरवून थोडे पौंड त्यात घालतो, आणि नवा गेम आला की लोकांची मतं मला पाठवून विचारतो, "मावशी, यातलं खरं किती?" इकडे माझ्या वर्गातल्या मुलांच्या फोनवर टेलिग्रामवरून तसल्याच गेमची मतं येऊन पडतात. दोन्हीकडची मतं वाचायची रीत एक नाही. आधी लीड्सची सांगते, कारण तिथे गेमचे आकडे उघड असतात आणि मत पडताळून पाहता येतं. मग नाशिकची.

मताआधी गेमचं माहितीचं पान उघडा

प्रत्येक परवानाधारक गेममध्ये कोपऱ्यात 'आय' किंवा प्रश्नचिन्हाचं बटण असतं. त्यात नियम, चिन्हांचे भाव आणि आरटीपी लिहिलेला असतो. आरटीपी म्हणजे लावलेल्या दर १०० रुपयांमागे, लक्षावधी स्पिनच्या सरासरीने, खेळाडूंकडे परत जाणारी रक्कम. ९६ टक्के असेल तर ४ रुपये कंपनीकडे राहतात.

हे पान आधी वाचायचं कारण असं, की एकाच नावाच्या गेमच्या वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्या असतात. बऱ्याच कंपन्या आपला गेम ९६, ९५, ९४ अशा दोन-तीन आकड्यांत बनवतात आणि कुठली आवृत्ती ठेवायची ते साइट ठरवते. चित्रं तीच, आवाज तोच, बोनसही तोच. म्हणून "अमुक साइटवर हा गेम जास्त खातो" ही तक्रार कोणी केली की इतर खेळाडू त्याला वेड्यात काढतात, पण ही तक्रार खरी असू शकते. दोन्ही साइटवर तोच गेम उघडून माहितीच्या पानावरचा आकडा बघायचा, दोन मिनिटांत निकाल लागतो. खेळाडूंच्या तक्रारींपैकी इतक्या स्वच्छपणे तपासता येणाऱ्या फार थोड्या आहेत.

९६ आणि ९४ मध्ये दोनचाच फरक आहे असं वाटतं. पण हिशेब कंपनीकडे राहणाऱ्या रकमेवर करायचा. ४ चे ६ झाले, म्हणजे गेम दीडपट महाग झाला. वीस पौंड भरले आणि दर स्पिनला वीस पेन्स लावत संपेपर्यंत खेळलं, तर ९६ टक्क्यांना सरासरी २,५०० स्पिन मिळतात, ९४ टक्क्यांना साधारण १,६७०. तेही सरासरीने. मोठ्या चढउतारांच्या गेममध्ये बहुतेकांचे पैसे याच्या कितीतरी आधी संपतात. मूठभर लोकांना मोठं बक्षीस लागतं आणि ते सरासरी वर ओढतात.

चढउतार, म्हणजे बक्षिसं लहान पण वारंवार येतात की मोठी पण क्वचित, खेळाडू ज्याला व्होलॅटिलिटी म्हणतात, ही माहितीच्या पानावरची दुसरी बघायची गोष्ट. नेटएंट कंपनीचा २०१२ सालचा स्टारबर्स्ट हा स्लॉट घ्या. आरटीपी ९६.०९ टक्के, चढउतार कमी. प्रॅग्मॅटिक प्ले कंपनीचा २०२१ सालचा गेट्स ऑफ ऑलिंपस घ्या. मूळ आवृत्तीचा आरटीपी ९६.५० टक्के, चढउतार जबरदस्त, आणि कमाल बक्षीस लावलेल्या रकमेच्या ५,००० पट. आरटीपी जवळजवळ सारखाच. तरी पहिल्यावर लोक "कंटाळवाणा, पण पैसे टिकतात" अशा धर्तीचं लिहितात आणि दुसऱ्यावर "काही नाही, काही नाही, आणि मग एकदम". ही दोन्ही मतं आपापल्या गेमबद्दल नेमकी आहेत. नव्या गेमवर असं मत दिसलं की तो या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो याचा अंदाज येतो. "चांगला" आणि "वाईट" या शब्दांवरून मात्र काहीच हाती लागत नाही.

दोनशे स्पिनचं मत: घरी फासे घेऊन करून बघा

हा भाग मी वर्गात हमखास करून घेते, कारण कागदावर पटत नाही ते हाताला पटतं. प्रत्येकाने दोन फासे घ्यायचे आणि ३६ वेळा टाकायचे. दोन्हीवर सहा पडण्याची शक्यता ३६ मध्ये १. म्हणजे सरासरीने प्रत्येकाला एकदा जोडसहा मिळायला हवा. चाळीस मुलांच्या वर्गात गणित असं सांगतं: चौदा-पंधरा जणांना तो एकदाही मिळणार नाही, तितक्याच जणांना एकदा मिळेल आणि दहा-अकरा जणांना दोन किंवा अधिक वेळा. फासे सगळ्यांचे सारखेच. आता या चाळिसांना फाशांबद्दल मत लिहायला सांगितलं तर काय लिहितील, ते मुलं स्वतःच ओरडून सांगतात.

ज्या स्लॉटमध्ये बोनस सरासरीने २०० स्पिनमध्ये एकदा येतो तिथे अगदी हेच घडतं. २०० स्पिन खेळलेल्या शंभर जणांपैकी ३७ जणांना बोनस दिसतच नाही, आणि २६ जणांना तो दोन किंवा जास्त वेळा दिसतो. ४०० स्पिन करूनही तेरा-चौदा जण कोरडेच राहतात. "भिकारडा" लिहिणारा त्या ३७ मधला आणि "उदार" लिहिणारा त्या २६ मधला. मधले ३७, ज्यांना अपेक्षेप्रमाणे एकदा बोनस आला, ते बहुधा काहीच लिहीत नाहीत. लिहिण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं. त्यामुळे नव्या गेमवरची मतं दोन टोकांना साचतात आणि वाचणाऱ्याला गेमच विचित्र आहे असं वाटायला लागतं.

मग किती स्पिननंतर एखाद्याचं मत आरटीपीबद्दल काही सांगू शकेल? भाच्याने हे विचारलं तेव्हा त्याला हिशेब करून पाठवला होता, तोच इथे देते. समजा गेमचा चढउतार असा आहे की एका स्पिनचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती लांब पडतो त्याचं माप, लावलेल्या रकमेच्या दहापट आहे. मोठ्या बक्षिसांच्या गेमसाठी हे गृहीत काही टोकाचं नाही. वीस पेन्सचे २०० स्पिन, म्हणजे एकूण ४० पौंड लावले. ९६ टक्क्यांना अपेक्षित तोटा १ पौंड ६० पेन्स. ९४ टक्क्यांना २ पौंड ४० पेन्स. फरक ८० पेन्सचा. आणि निव्वळ नशिबाने होणारी वरखाली? साधारण २८ पौंडांची. ८० पेन्सचा फरक २८ पौंडांच्या हेलकाव्यात कोणाच्याही डोळ्याला दिसणार नाही, मग तो खेळाडू कितीही मुरलेला असो.

९६ आणि ९४ वेगळे ओळखायचे तर साधारण दहा लाख स्पिन लागतात. ब्रिटनमध्ये दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंद जावे लागतात. म्हणजे दहा लाख स्पिनला जवळजवळ ६९४ तास, न झोपता न जेवता एकोणतीस दिवस. गेम येऊन आठवडाही झालेला नसताना जो "आरटीपी खोटा लिहिलाय" असं छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडे ते सांगण्याइतका पुरावा असूच शकत नाही. त्याला राग आला आहे, तो खरा आहे. आकडा खरा-खोटा ठरवणं हे चाचणी प्रयोगशाळेचं काम आहे; परवान्याच्या देशांत गेम बाजारात येण्याआधी तो तिथून तपासून घ्यावा लागतो.

याच खात्यात आणखी काही मतं जातात, ती झटपट बाजूला काढा. "रात्री बारानंतर जास्त देतो." "बराच वेळ दिला नाही, आता देणारच." "मी पैसे काढले तेव्हापासून बंद झाला." परवानाधारक गेममध्ये प्रत्येक स्पिनचा निकाल स्वतंत्र यादृच्छिक आकड्यावर ठरतो. मागच्या स्पिनची त्याला आठवण नसते आणि तुमच्या खात्यात किती आहे हे बघून शक्यता बदलायची मुभा नसते. "दोनदा अगदी तोंडाशी आला, एका चिन्हाने हुकला" हेही इथलंच. दोन चिन्हं पडली की तिसरं चाक मुद्दाम हळू फिरतं, ढोल वाजतो, श्वास अडकतो. निकाल मात्र बटण दाबलं तेव्हाच ठरलेला असतो.

डोळ्यांनी बघून शक्यता ओळखता येईल असं लोकांना का वाटतं, याचं उत्तर जुन्या यंत्रांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने लिबर्टी बेल नावाचं यंत्र बनवलं. तीन लोखंडी चाकं, पाच चिन्हं. चाकावर जे होतं तेच शक्यतांमध्ये होतं. चिकाटीने मोजणारा माणूस काहीतरी शिकू शकला असता. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. त्यात संगणक आकडा काढतो आणि मग चाक त्या जागी थांबवतो. दिसणाऱ्या चाकावर सगळी चिन्हं सारख्या जागा अडवून बसलेली असली तरी आतल्या यादीत मोठ्या बक्षिसाचं चिन्ह कितीतरी दुर्मीळ ठेवता येतं. त्या दिवसापासून चाकाकडे बघून शक्यता सांगणं संपलं. आजच्या पडद्यावरच्या स्लॉटमध्ये तर चाक नावाची वस्तूच नाही. बिग टाइम गेमिंग या ऑस्ट्रेलियन कंपनीने आणलेल्या मेगावेज प्रकारात सहा उभ्या रांगा, प्रत्येकीत जास्तीत जास्त सात चिन्हं, म्हणजे सातचा सहावा घात, १,१७,६४९ मार्ग. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. मार्ग जास्त म्हणजे जिंकण्याची शक्यता जास्त असं त्यावर काही जण लिहितात. मार्ग वाढले की प्रत्येक मार्गाचा मोबदला त्या प्रमाणात लहान केलेला असतो, परतावा आरटीपीच्या बाहेर जात नाही.

मग मतातून घ्यायचं काय

बरंच काही. खेळाडू डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी जे अनुभवतो ते त्याच्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नसतं, कंपनीच्या माहितीपत्रकाला तर मुळीच नाही.

सगळ्यात मोलाचं मत म्हणजे नियमाबद्दलचं. "फ्री स्पिनमध्ये गुणक वाढत जातो असं वाटलं होतं, पण प्रत्येक स्पिनला तो पुन्हा एकपासून सुरू होतो." (फ्री स्पिन म्हणजे फुकट मिळणारे स्पिन, गुणक म्हणजे बक्षीस किती पट होणार तो आकडा.) हे वाक्य एकाने लिहिलं तरी पुरे, कारण ते माहितीच्या पानाशी ताडता येतं आणि त्याला दहा लाख स्पिन लागत नाहीत. नव्या गेममध्ये अशा गोष्टी फार असतात. बोनस पुन्हा सुरू होतो का, कमाल बक्षीस गाठलं की फेरी तिथेच थांबते का, एका स्पिनला किमान दहा पेन्स लावावे लागतात की वीस. एखादा गेम आधीच्या गेमची नुसती रंगबदल केलेली नक्कल असेल तर तेही जुने खेळाडू पहिल्याच दिवशी ओळखतात. "हे तर तेच गणित, फक्त मासे काढून ममी बसवल्या" असं चार अनुभवी लोक वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरं, फोनवरचं वागणं. अक्षरं वाचता येतात का, जुन्या फोनवर गेम अडकतो का, बोनसच्या मध्येच नेट गेलं तर परत आल्यावर फेरी तिथूनच सुरू होते की नाही. बोनसमध्ये गेम अडकल्याची तक्रार वेगवेगळ्या लोकांकडून आली तर तो गेम थोडे दिवस बाजूला ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या आठवड्यातले दोष पुढे दुरुस्त होतात.

तिसरी गोष्ट बारकाईने वाचायला हवी: "सारखं काहीतरी मिळत राहतं." याचा अर्थ नीट विचारा. वीस पेन्स लावले आणि आठ पेन्स मिळाले, तर तो बारा पेन्सचा तोटा आहे. पण दिवे लागले, नाणी खणखणली, तर मेंदू त्याची नोंद जिंकण्यात करतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर काम केलं आहे, आणि जिंकण्याचा मुखवटा घातलेल्या अशा तोट्यांना शरीर खऱ्या विजयासारखाच प्रतिसाद देतं असं त्यांना दिसलं. ब्रिटनमध्ये जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनने ३१ ऑक्टोबर २०२१ पासून लावलेल्या रकमेपेक्षा कमी मिळालं तर जल्लोष दाखवायला बंदी केली. त्याच दिवसापासून अडीच सेकंदांचा नियम आला आणि आपोआप फिरत राहणारे ऑटोप्ले बंद झाले. दुसऱ्या देशातला खेळाडू तोच गेम ऑटोप्ले लावून, जल्लोषासकट खेळत असतो. त्यामुळे त्याचं "मस्त वेगवान, सतत देतो" हे मत लीड्समध्ये बसलेल्याच्या उपयोगाचं नाही. बोनस थेट विकत घ्यायचं बटण ब्रिटनमध्ये चालत नाही, म्हणजे "बोनस विकत घ्या, तिथेच खरी मजा" हेही मत तिथे गळून पडतं. आणि एका स्पिनला लावायची मर्यादाही तिथे ठरलेली आहे: ९ एप्रिल २०२५ पासून ५ पौंड, आणि १८ ते २४ वयाच्या खेळाडूंना २१ मे २०२५ पासून २ पौंड. म्हणून मत वाचताना लिहिणारा कुठल्या देशातून आणि कधी खेळला ते आधी शोधायचं.

भाच्याला मी एक सवय लावली. मत आवडो न आवडो, त्याखाली चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघायचं: कुठल्या आरटीपीची आवृत्ती, किती स्पिन, प्रत्येकी किती लावले, आणि खरे पैसे की डेमो, म्हणजे फुकट खेळायची आवृत्ती. चारही असतील तर मत वहीत उतरवायचं. दोन असतील तर फक्त नियमाबद्दलचा भाग घ्यायचा. एकही नसेल तर ते भावनेचं मत, ते वाचून सोडून द्यायचं. डेमोवरचं मत मी कमी धरत नाही. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे फुकट खेळायच्या आवृत्तीचे नियम आणि शक्यता खऱ्या पैशांच्या गेमपेक्षा उदार ठेवून फसवता येत नाही. नियम समजून घ्यायला डेमोच बरा. फक्त डेमोत हरल्याचा चटका नसतो, म्हणून "मजा आली" हे डेमोवाल्याचं मत कच्चं समजावं.

कोण बोलतंय

मोठ्या विजयाचा स्क्रीनशॉट हे मत नव्हे. वीस पेन्सवर ५,००० पट म्हणजे हजार पौंड, आणि कोणाला तरी ते लागतात हे खरं. पण त्या चित्रात त्याआधी भरलेले पैसे दिसत नाहीत, आणि ज्यांना लागलं नाही त्यांचे स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही.

लाइव्ह खेळून दाखवणाऱ्यांचं मत वाचताना त्यांची कमाई कुठून होते ते बघा. अनेकांच्या चित्रफितीखाली साइटची लिंक असते. तिच्यावरून खातं उघडलेला माणूस पुढे जितका हरतो, त्यातला हिस्सा लिंक देणाऱ्याला मिळतो, अशी व्यवस्था या धंद्यात सर्रास आहे. म्हणजे गेमबद्दल तुम्हाला सल्ला देणाऱ्याचं उत्पन्न तुमच्या हरण्यावर अवलंबून आहे. काही जणांना तर खेळायला पैसेही साइटच देते. ट्विच या प्रक्षेपण मंचाने ऑक्टोबर २०२२ पासून ग्राहकाला पुरेसं संरक्षण देणाऱ्या ठिकाणांचा परवाना नसलेल्या काही मोठ्या स्लॉट साइटचं प्रक्षेपण बंद केलं, त्यामागे जुगाराच्या प्रक्षेपणांवरून उठलेला गदारोळ होता. लिंक असेल तर त्या माणसाचं गेमच्या नियमांचं वर्णन घ्या, शिफारस घेऊ नका.

आणि एक प्रकारचं मत मी भाच्याला कधी हसण्यावारी नेऊ देत नाही. "भाड्याचे पैसे गेले, तरी आज भरून काढतो." हे गेमबद्दल नाही, त्या माणसाबद्दल आहे. तिथे गेमची चर्चा थांबवून ब्रिटनचा मदत क्रमांक ०८०८ ८०२० १३३ आणि गॅमस्टॉप ही स्वतःला सगळ्या परवानाधारक साइटवरून बंद करून घ्यायची सोय, एवढं त्याला कळवायचं.

नाशिकच्या फोनवर आलेलं मत

आता आपल्याकडचं. इथे वरची सगळी रीत बाजूला ठेवावी लागते, कारण पडताळून बघायला माहितीचं विश्वासार्ह पानच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे पैशांचे व्यवहार हाताळणं, या तिन्ही गोष्टी त्यात गुन्हा ठरवल्या आहेत. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. तो फसवला गेलेला आहे अशी त्यामागची भूमिका. म्हणजे आज नाशिकमध्ये बसून ज्या स्लॉटवर रुपये लावता येतात, त्यामागे इथला परवाना, इथली तपासणी, इथलं तक्रारीचं दार यातलं काहीही नाही.

मग सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या किंवा पंचवटीत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या फोनवर "नवीन स्लॉट, आजच लाँच, ५०० चे ८,००० झाले, भावा ट्राय कर" हे मराठीतलं मत कोण लिहितं? तेच लिहितात ज्यांना त्याने भरलेल्या पैशांतून कमिशन मिळतं. माझ्या विद्यार्थ्यांनी दाखवलेल्या मतांत काही खुणा इतक्या वेळा सापडल्या की आता त्या शोधायची सवय झाली आहे. गेमचं नाव स्टोअरवर सापडत नाही, अ‍ॅप थेट बसवायची एपीके फाइल टेलिग्रामवरून उतरवायला सांगतात. बसवताना एसएमएस वाचायची परवानगी मागतात, म्हणजे बँकेचा ओटीपी त्यांच्या हातात. पैसे भरायचा यूपीआय आयडी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या किंवा किराणा दुकानाच्या नावाचा असतो आणि दर दोन दिवसांनी बदलतो. पहिले दोनशे-तीनशे रुपये खरोखर परत मिळतात, आणि त्यावरच "पेमेंट येतं, मी स्वतः काढलं" हे मत पोरगा प्रामाणिकपणे मित्रांना देतो. मोठी रक्कम काढायला गेलं की "आधी कर भरा", "आधी खातं पडताळणीचे पैसे भरा" सुरू होतं.

त्या पोराचं मत खोटं नाही, हे लक्षात घ्या. त्याला मिळाले होते. म्हणूनच मित्राने दिलेलं मत अनोळखी माणसाच्या मतापेक्षा इथे जास्त धोक्याचं आहे. त्याला उलट उत्तर देण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: आजवर एकूण भरले किती आणि काढले किती? यूपीआयचा इतिहास उघडून दोन रकाने मांडायचे. मी हे वर्गात कोणाचंही नाव न घेता, कल्पित आकड्यांवर करून दाखवते आणि उरलेलं मुलं घरी जाऊन स्वतः करतात.

एक गोष्ट मात्र जिवाच्या आकांताने सांगावीशी वाटते. "तुझं बँक खातं महिनाभर दे, आठ-दहा हजार देतो" असंही मत-सल्ल्याच्या त्याच ग्रुपमध्ये येतं. देऊ नका. अशा खात्यातून दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे फिरतात, खातं गोठतं आणि पोलीस त्याच्याकडे येतात ज्याच्या नावावर ते आहे.

पैसे अडकले असतील तर अ‍ॅप आणि चॅट लगेच पुसू नका. आधी व्यवहार क्रमांक, यूपीआय आयडी, ग्रुपचं नाव आणि संभाषण यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन करा. तक्रार जितक्या लवकर जाईल तितकी समोरच्या खात्यात रक्कम रोखून धरली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून "सकाळी बघू" म्हणू नका. बँकेला कळवा, एसएमएसची परवानगी काढा, मग अ‍ॅप काढून टाका. आणि मुलगा रात्र-रात्र जागत असेल, पैसे गेल्याचं घरात सांगायला घाबरत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन त्याने करायला हवा असं नाही. आई, मोठा भाऊ, खोलीतला मित्र, कोणीही करून काय बोलावं ते विचारू शकतं.